टेबलाखालची कुजबुज

मावशीला मोठ्याने बोलताच येत नाही, असं भाचीचं ठाम मत होतं. दूधवाल्याला उद्या जास्त दूध हवं म्हणून सांगायचं, तर मावशी दारातून हाक मारायची नाही. जिना उतरून खाली जायची आणि त्याच्या कानाशी लागून सांगायची. दूधवाला बिचारा दर वेळी काहीतरी गुपित कळणार अशा थाटात मान वाकवायचा आणि अर्ध्या लिटरची बातमी घेऊन निघून जायचा. घरात चोर शिरला तरी तू त्याच्या कानात जाऊनच ओरडशील, असं भाची तिला चिडवायची.

दुसरंही एक मत होतं, की मावशी चूक कबूल करत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर मीठच हल्ली खारट येतं. कुलूप उघडं राहिलं तर कुलूप म्हातारं झालं. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. भाचीची आई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून या दोघीच एका घरात राहत होत्या, आणि इतक्या वर्षांत मीठ काही गोड झालं नव्हतं.

आवाजाचं कारण मात्र भाचीला ठाऊक होतं. मावशीने तरुणपणी पोट भरलं तेच मुळी हळू बोलण्यावर. टेलिव्हिजन तेव्हा नवं होतं. आधी चित्रित करून ठेवायचं, चुकलं तर पुन्हा घ्यायचं, असली चैन नव्हती. स्टुडिओत नाटक घडेल तसंच्या तसं घरोघरी दिसायचं, आणि नट एखादी ओळ विसरला की तो अख्ख्या शहरासमोर विसरायचा. म्हणून कोणीतरी संहिता घेऊन जवळपास दडून बसावं लागे. मावशी ती प्रॉम्प्टर. कधी कपाटाआड, कधी पलंगाखाली, एकदा तर धोब्याच्या कपड्यांच्या गाठोड्यात. तिचं खरं नाव तिथे कोणी घेत नसे. सगळे तिला कुजबुज म्हणत. कुजबुज कुठे गेली, असं दिग्दर्शकाने विचारलं, की कोणीतरी सांगायचं, पलंगाखाली आहे, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे.

या कामाचेही नियम होते. अख्खी ओळ द्यायची नाही, पहिला शब्द तेवढा द्यायचा. तोही श्वास सोडता सोडता, म्हणजे माइकला तो फुंकरीसारखा वाटतो. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की मागितल्याशिवाय द्यायचा नाही. नट थांबला म्हणजे विसरलाच असं नसतं. बरेचदा तो अभिनय करत असतो, आणि त्यात आपण शब्द टाकला तर सगळ्याचा विचका होतो. म्हणून प्रत्येकाने आपली मागायची खूण ठरवून दिलेली असे. एकजण कान खाजवायचा. एकाची खूण खोकला होती, आणि त्याला सर्दी झाली त्या संध्याकाळी कुजबुजने अर्धं नाटक त्याला त्याच्या पायांपाशी बसून ऐकवलं. बाईंची खूण सगळ्यांत नाजूक होती. त्या डाव्या हाताच्या बोटातली अंगठी अंगठ्याने हळूच फिरवायच्या.

बाई म्हणजे 'छापखान्याची मालकीण' या मालिकेच्या नायिका. नवरा गेल्यावर त्याचा छापखाना चालवायला घेणारी, कामगारांशी हुज्जत घालणारी, पैसा नाही की पाठबळ नाही, तरी कोणाला बधत नाही अशी बाई त्यांनी उभी केली होती. पुढे ती मालिका वर्षानुवर्षं चालली, आणि लोक रस्त्यात बाईंना मालकीण म्हणूनच ओळखू लागले. पण सुरुवातीचा चौथा भाग मात्र सगळ्यांनी निकालात काढला होता. दीर आणि घरातले वडीलधारे जेवणाच्या टेबलाभोवती बसून मालकिणीला जाब विचारतात, आणि ती मूग गिळून बसते, मग किल्ल्यांचा जुडगा उचलून उठून जाते. त्याहून कहर म्हणजे दिराचं काम करणारे जुन्या रंगभूमीवरचे नट. पाठ केलेलं वाक्य वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाई निघून गेल्यावर त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून, शहाणी आहेस वहिनी, असं शाबासकीचं वाक्य पूर्ण म्हटलं. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी दोघांचीही यथेच्छ टर उडवली.

भाचीचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाने तिला बातमी दिली, की टेलिव्हिजन केंद्राचं गोदाम आवरताना चौथ्या भागाची फिल्म सापडली आहे. दुसऱ्या गावच्या केंद्राला पाठवायला म्हणून कोणीतरी पडद्यासमोर कॅमेरा लावून ती घेतली होती आणि पाठवायचं राहून गेलं होतं. मालिकेच्या चाहत्यांचं एक मंडळ आहे, ते वाचनालयाच्या सभागृहात ती दाखवणार आहेत. गिऱ्हाईक त्या मंडळातलंच होतं. तो म्हणाला, आम्ही आतापर्यंत या भागावर अन्याय केला, आता त्याचा नव्याने विचार करायचा आहे.

भाचीने घरी येऊन हे उत्साहाने सांगितलं. तिला वाटलं, मावशी हरखून जाईल. मावशी चपात्या लाटत होती, ती लाटतच राहिली. मग म्हणाली, की त्या दिवशी तिचा गुडघा दुखणार आहे.

भाची म्हणाली, गुडघा काय पंचांग बघून दुखतो का. मावशी म्हणाली, चष्मा धूसर झालाय, दिसणार काय मला. आता चष्म्याची सबब चष्मेवालीकडे सांगायची म्हणजे हद्द झाली. भाचीने दुसऱ्याच दिवशी दुकानात नेऊन तिचे डोळे तपासले, नवी काच बसवून दिली आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचून घेतली. मावशीने ती सगळी धडाधड वाचली आणि मग तिथेच, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसल्या बसल्या, तिचे डोळे भरून आले.

"मला बाईंचा तो चेहरा बघायचा नाहीये गं," ती म्हणाली.

भाचीने दुकानाचं दार लोटून घेतलं. मग इतकी वर्षं कोणाला न सांगितलेली गोष्ट मावशीने तिच्या नेहमीच्या आवाजात सांगितली, आणि भाची ती ऐकायला दूधवाल्यासारखी वाकून बसली.

चौथ्या भागात कुजबुज जेवणाच्या टेबलाखाली होती. कॅमेऱ्याच्या बाजूने टेबलक्लॉथ खालपर्यंत सोडलेला, बाईंच्या बाजूने मोकळं. तिच्या डोळ्यांसमोर बाईंची मांडी आणि मांडीवरचा डावा हात. मान वर केली तरच चेहरा दिसणार. वर दीर, काका, आत्या एकामागून एक बोलत होते. बाईमाणसाने चारचौघांत आवाज चढवून बोलावं का, घराण्याची अब्रू आहे का नाही, रात्री कुलूप लावून घरी यायची ही वेळ झाली का. संहितेत मालकीण ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, 'चुकलं माझं, भाऊजी. या घ्या किल्ल्या.' पुढचे दोन भाग ती घरात बसणार आणि मग दीर धंदा बुडवल्यावर परत येणार, असं लेखकाने योजलं होतं.

गंमत अशी, गंमत कसली, की त्याच आठवड्यात कुजबुजच्या स्वतःच्या घरी तेच झालं होतं. तसंच टेबल, तशीच माणसं. स्टुडिओतून यायला उशीर झाला म्हणून दादाने तिला सगळ्यांसमोर उभं केलं. पलंगाखाली लोळायला तुला शिकवलं होतं का, असं विचारलं. आई ताटाकडे बघत बसली. शेवटी कुजबुज म्हणाली, चुकलं माझं. मग सगळे पुढे जेवले. तिला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं होतं, की ते जेवले.

बाईंच्या अंगठ्याने अंगठी फिरवली. शब्द मागितला. कुजबुजचं बोट बरोबर ओळीवर होतं. 'चुकलं.' एवढाच शब्द द्यायचा होता. तिने तोंड उघडलं. अंगठी पुन्हा फिरली, या वेळी घाईने. कुजबुजने रुमाल तोंडात कोंबला, कारण शब्दाऐवजी हुंदका येत होता, आणि मान गुडघ्यांत घातली. पुढचं तिने काही पाहिलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला, किल्ल्या वाजल्या, आणि मग दिराचं ते वाक्य.

"मग काय झालं?" भाचीने विचारलं.

दिग्दर्शक तावातावाने आला. बाईंनी त्याला काही बोलूच दिलं नाही. मीच विसरले, त्या म्हणाल्या, ओळच आठवली नाही मला. कुजबुज टेबलाखालून निघाली तेव्हा तिला बाईंकडे बघायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती स्टुडिओत गेलीच नाही. बाईंनी दोनदा माणूस पाठवला, ये म्हणून. ती गेली नाही. जिने आपल्यावर भरवसा ठेवला, तिला आपण शहरासमोर तोंडघशी पाडलं, आणि वर तिने ते स्वतःवर घेतलं. कोणत्या तोंडाने जाणार. दादाला वाटलं आपण जिंकलो. पण ती घरी बसली नाही, इस्पितळाच्या टेलिफोनवर जाऊन बसली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. दादाने पुन्हा टेबलाभोवती माणसं जमवली होती. या वेळी तिच्या तोंडून काही निघालं नाही.

"अजून निघत नाही," भाची म्हणाली. "भाजी खारट झाली तरी." आणि तिला एकदम स्वतःच्याच चिडवण्याची लाज वाटली.

मावशीने आणखी एक गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांनी इस्पितळात एक फोन आला होता. नेत्रविभाग द्या, म्हणून. बाईंचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. जोडते, एवढंच ती म्हणाली. पलीकडून बाई थांबल्या आणि म्हणाल्या, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे, कोण बोलतंय. कुजबुजने उत्तर न देता लाइन जोडून टाकली. पुढे काही वर्षांनी बाई गेल्या. अंत्यदर्शनाच्या रांगेतही ती उभी राहिली नाही.

"एक शब्द मागितला होता त्यांनी माझ्याकडे," मावशी म्हणाली. "त्यांनी खाली बघितलं असणार ना? मी दिसले असेन, मान घालून बसलेली. तेव्हा काय वाटलं असेल त्यांना? तेच त्या फिल्ममध्ये असणार. ते मी कशाला बघू?"

भाची स्वभावाने फटकळ, पण डोळे तपासून तपासून तिला माणसांशी थांबून बोलायची सवय लागली होती. तिने मावशीचा नवा चष्मा काढून घेतला, स्वच्छ पुसला आणि परत तिच्या नाकावर ठेवला.

"रागावल्या असतील तर तिथे एकदाच रागावतील," ती म्हणाली. "नाही गेलीस, तर तुझ्यावर रोज थोड्या थोड्या रागावत राहतील. गेली इतकी वर्षं रागावतायत तशा."

वाचनालयाचं सभागृह म्हणजे वर्तमानपत्रं वाचायची खोलीच होती, टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. मावशी भाचीच्या मागोमाग शेवटच्या रांगेत जाऊन बसली, दाराजवळ, पळ काढायला सोयीचं म्हणून. मंडळाचा प्रमुख एक दाढीवाला शाळामास्तर होता. त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की लहानपणी हा भाग पाहून तो चिडला होता. आपली मालकीण अशी गप्प कशी बसली, म्हणून त्याने त्या दिवशी जेवण टाकलं होतं. पुढे तो मोठा झाला, चाहता झाला, मंडळ काढलं, तरी चौथ्या भागाची वाट सोडूनच चालत राहिला. आज पुन्हा बघू, तो म्हणाला, चूक आपली होती का तिची, ते ठरवू. चूक हा शब्द ऐकून मावशी खुर्चीतल्या खुर्चीत आवरून बसली.

दिवे मालवले. चित्र करडं, कडेला हलणारं, मधूनच पांढऱ्या रेघा ओढल्यासारखं. पण टेबल तेच होतं. टेबलक्लॉथच्या खालच्या काठाला एक चुणी पडली होती आणि मावशीला एकदम कळलं, की ती चुणी म्हणजे तिचा गुडघा आहे. तिने भाचीचा हात धरला.

दीर बोलले, काका बोलले, आत्या बोलल्या. सगळे बोलून थांबले, आणि बाईंचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. कॅमेरामनने तो जवळचा शॉट माफीसाठी लावून ठेवला होता. बाई गप्प. डोळ्यांत घाबरलेपण आलं, ते मावशीने बरोबर ओळखलं. अंगठी फिरतेय. आता. खांदा किंचित हलला, घाईने. पुन्हा फिरतेय. मावशीला वाटलं उठून जावं. आणि बाईंनी खाली बघितलं.

राग नव्हता. त्यांनी जे काही खाली पाहिलं, ते पाहून त्यांचं घाबरलेपण ओसरलं. भुवया जरा वर गेल्या, आजारी लेकराच्या कपाळावर हात ठेवून बघताना आईच्या जातात तशा. मग ओठांच्या एका कोपऱ्यात हसू आलं, अगदी थोडं, दुसऱ्या कोणाला दिसू नये म्हणून आवरलेलं. आणि त्यांचा डावा हात मांडीवरून वर आला. अंगठीचा हात, बोटं मोकळी. तो टेबलावर टेकला, किल्ल्यांच्या बाजूला क्षणभर पालथा पडून राहिला, आणि मग त्याने किल्ल्या उचलल्या. बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून जाताना त्यांनी दुसऱ्या हाताने टेबलक्लॉथची ती चुणी सरळ केली, कोणाला दिसायला नको म्हणून. दिराने रिकाम्या खुर्चीला शहाणी म्हटलं. सभागृहात हशा पिकला, आणि मावशीही हसली, रडता रडता, कारण ते खरोखरच हसण्यासारखं होतं.

दिवे लागल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. कॉलेजात शिकणारी एक मुलगी उभी राहून म्हणाली, की यापुढचे सगळे भाग या एका गप्प बसण्यातून निघाले आहेत. इथे ती माफी मागून मोकळी झाली असती, तर पुढची मालकीण झालीच नसती. लोकांना वाटलं तिला बोलता आलं नाही, पण तिने उत्तर द्यायचं नाकारलं आहे. मास्तरने मान डोलावली आणि कबूल केलं, की जेवण उगाच टाकलं. मग गाडी त्या खाली बघण्यावर येऊन अडली. मालकीण खाली कोणाकडे बघून हसते? एकजण म्हणाला, किल्ल्यांकडे. दुसरा म्हणाला, किल्ल्या टेबलावर आहेत, ती टेबलाखाली बघते. कोणी म्हणालं, मांजर असेल. कॉलेजातली मुलगी म्हणाली, ती स्वतःच्या पायांकडे बघते, आपण उभ्या राहू शकतो का हे बघते. सगळ्यांना ते फार आवडलं, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

भाची मावशीकडे वळली. तिने हातातला मावशीचा हात सोडून दिला. मावशी उठून उभी राहिली. आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"तिथे मी बसले होते," ती म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. मास्तरने विचारलं, तुम्ही कोण. मावशीने सांगितलं, मी प्रॉम्प्टर, मला कुजबुज म्हणायचे. बाईंनी शब्द मागितला आणि मला तो देता आला नाही, मी रडत होते. त्या माझ्याकडे बघून हसल्या. एवढंच सांगून तिला बसायचं होतं, पण आता कोण बसू देतो. पायांचं म्हणणं खोटं पडलं म्हणून कॉलेजातली मुलगी हिरमुसेल असं भाचीला वाटलं होतं, पण ती तर रांगा ओलांडून मावशीजवळ येऊन उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मघाशी बाई बघत होत्या तशी. मास्तर माइक घेऊन धावत आला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. चौथ्या भागाची संहिता कुठेच शिल्लक नाही, तो म्हणाला. लेखक गेले, बाई गेल्या. ती ओळ काय होती, हे आता जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. आजी, सांगा ना. काय म्हणणार होती मालकीण?

भाचीने मावशीकडे पाहिलं. तिला ती ओळ माहीत होती.

मावशीने डाव्या हाताचं बोट अंगठ्याने चाचपलं, त्यात अंगठी नव्हती.

"आमच्यात नियम होता, की मागितल्याशिवाय ओळ द्यायची नाही," ती म्हणाली. "बाईंनी मागितली होती. मग हात वर घेतला, म्हणजे नको म्हणाल्या. मला ते आज कळलं. आता त्यांनी नको म्हटलेली ओळ मी कोणालाच देणार नाही."

तिचा आवाज दोन रांगांपलीकडे गेला नव्हता. पुढच्याच रांगेतले एक म्हातारे, कानाला यंत्र लावलेले, तेवढे समजल्यासारखी मान हलवत होते. मास्तर अजून हातातल्या बंद माइकचं बटण शोधत होता.